दोन रुपयांचे धाडस

मराठी शिकवण्याचा धंदा वीस वर्षे केला की माणसाला एक खोड जडते. शब्द कानावर पडला की तो तसाच पुढे जाऊ देववत नाही; उंबऱ्यावरच थांबवून 'कुठून आलात, कुठे निघालात?' असे त्याला विचारावेसे वाटते. सध्या माझ्या तावडीत सापडला आहे तो 'बोल्ड' हा शब्द. आमच्या सोसायटीत कुणी म्हणाले, "तो सिनेमा जरा बोल्ड आहे हं!" की त्याचा अर्थ ठरलेला. मुलांना आजीपाशी ठेवून जा. आणि कुठे चाललात असे आजीने विचारलेच, तर कुणाच्या तरी साखरपुड्याला म्हणून सांगा! पडद्यावर कपडे जितके कमी तितके धाडस जास्त, असे हे व्यस्त प्रमाणाचे सोपे गणित आहे.

'हिंदी चित्रपटातले धाडसी आणि बुद्धिमान प्रयोग' या विषयावर या वेळचे सदर लिहा, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा घरातही पहिली शंका निघाली ती हीच. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, दिवाळी अंक आहे. घरातली सगळी मंडळी वाचतात. जरा जपून लिहा." म्हणून आरंभीच अभय देऊन ठेवतो. मी ज्या धाडसाविषयी लिहिणार आहे, ते आजीला मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. किंबहुना आजीच ते अधिक चांगले ओळखील.

माझी व्याख्या साधी आहे. जो चित्रपट प्रेक्षकाला शहाणा समजतो, तो धाडसी. कुठे रडायचे हे सांगायला तो पन्नास व्हायोलिने वाजवीत नाही. खलनायक कोण, हे त्याच्या मिशांवरून ठरवीत नाही. एखादी गोष्ट तो अर्धीच सांगतो आणि उरलेली अर्धी तुमच्यावर सोपवून मोकळा होतो. ऐकायला हे सोपे वाटते. पण लाखो-कोटींचा जुगार असलेल्या या धंद्यात प्रेक्षकाला शहाणा समजण्याइतकी महागडी चैन दुसरी नाही. तेव्हा दिग्दर्शकाच्या धाडसाचे कौतुक करताना एक प्रश्न नेहमी विचारावा: या धाडसाचे पैसे कुणी मोजले? हिंदी चित्रपटातल्या प्रयोगांचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या दोरीवर वाळत घातलेला आहे, असे मला वाटते.

आरंभ आपल्याच अंगणातून करू. १९३७ साली पुण्याच्या 'प्रभात'ने ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर चित्रपट काढला. मराठीत तो 'कुंकू' आणि हिंदीत 'दुनिया न माने'. फसवून एका वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते, एवढीच गोष्ट. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब जुन्या मंडळींना अजून आठवत असतील. विषय तर त्या काळी धाडसाचा होताच; पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठे धाडस व्ही. शांतारामांनी आणखी एका ठिकाणी केले. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही! प्रसंगात जो आवाज प्रत्यक्ष असेल तेवढाच ऐकू यायचा. नीरेच्या मनात काय चालले आहे, हे वाद्यवृंदाला विचारण्याची सोय प्रेक्षकाला ठेवलेली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहावे आणि आपले आपण ओळखावे. आणि प्रेक्षकाने ते ओळखले, चित्रपट चालला.

हे जमले कशामुळे? 'प्रभात'चा स्टुडिओ स्वतःचा, यंत्रसामग्री स्वतःची, नटनट्या आणि तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर. एक चित्रपट फसला तर दुसरा त्याला सावरून घेई. पुढे महायुद्धाच्या काळात गडगंज पैसा या धंद्यात शिरला, नटनट्यांचे भाव चढले, पगारावर चालणाऱ्या कंपन्या एकेक करून मोडल्या. 'प्रभात'ही १९५३ साली बंद पडली. आता चित्रपट काढायचा म्हणजे सावकाराच्या दारात उभे राहायचे. आणि सावकार प्रश्न दोनच विचारतो: हिरो कोण, आणि गाणी किती? पार्श्वसंगीताशिवाय चित्रपट काढतो म्हणणाऱ्याला त्याने चहासुद्धा पाजला नसता.

सरकारी समित्यांची आपण एरवी थट्टा करतो. पण एका समितीचे उपकार मानले पाहिजेत. १९४९ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटव्यवसायाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली गेली आणि १९५१ साली तिचा अहवाल आला. चांगल्या चित्रपटांना कर्ज देणारी संस्था हवी आणि हे शास्त्र शिकवणारी शाळा हवी, असे त्या अहवालात सुचवले होते. सरकारी चालीने नऊ वर्षे गेली आणि १९६० साली दोन्ही गोष्टी झाल्या. कर्ज देणारे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले, आणि पुण्यात जिथे 'प्रभात' होती त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ साली शेजारी चित्रपटांचे संग्रहालयही आले. ज्या आवारात नीरेने नवऱ्याला नकार दिला, तिथेच ऋत्विक घटकांसारखा अवलिया मास्तर पोरांना चित्रपट म्हणजे काय ते सांगू लागला!

पहिली काही वर्षे या कॉर्पोरेशननेही नावाजलेल्या लोकांनाच कर्जे दिली. सरकारी असले तरी शेवटी सावकारच तो! पण साठीच्या दशकाच्या अखेरीस धोरण बदलले: मोठ्या नावांना मोठी रक्कम देण्यापेक्षा नव्या लोकांना थोडी थोडी रक्कम द्यावी. आणि १९६९-७० च्या सुमारास तीन चित्रपट पुढे आले, मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', बासू चटर्जी यांचा 'सारा आकाश' आणि मणि कौल यांचा 'उसकी रोटी'. तिन्ही कृष्णधवल, तिन्ही एकेका साहित्यकृतीवर आधारलेले, आणि तिन्हींचे छायालेखक एकच: पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले के. के. महाजन.

'भुवन शोम'मधला रेल्वेचा कडक बंगाली साहेब सुटी घेऊन सौराष्ट्रात पक्ष्यांची शिकार करायला जातो आणि तिथे त्याला गौरी नावाची एक खट्याळ खेडवळ पोर भेटते. लाच खाल्ली म्हणून ज्या तिकीट कलेक्टरवर तो कारवाई करणार असतो, तो नेमका तिचा माणूस निघतो! साहेब उत्पल दत्त. गौरी आपली सुहासिनी मुळे, हा तिचा पहिलाच चित्रपट. आणि निवेदनाचा आवाज त्या वेळी कुणालाही ठाऊक नसलेल्या अमिताभ बच्चन यांचा. साहेब विरघळतो आणि कलेक्टरला माफ करतो. पण तो सुधारला म्हणावे की बिघडला, हे मृणालबाबू सांगत नाहीत. कलेक्टर तर मोठ्या स्टेशनात बदली झाल्याने खूश आहे. तिथे वरकमाई जास्त! सत्यजित राय यांना हे सारे फारसे पटले नव्हते. १९७१ साली लेख लिहून त्यांनी या लाटेच्या नवेपणाविषयीच शंका घेतली. लाटेला पहिला धक्का लाटेच्या वडीलभावाने दिला म्हणायचा.

'सारा आकाश'मध्ये आग्र्याच्या एका एकत्र कुटुंबातले नवे जोडपे महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नाही. मारामारी नाही, विष नाही, दुसरी बाई नाही, नुसता अबोला. माणसांनी भरलेल्या घरात दोन माणसांना बोलायला जागा सापडत नाही, ही गोष्ट वाड्यात किंवा चाळीत दिवस काढलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

राहिला 'उसकी रोटी'. हा पाहायला मात्र छाती लागते. बालो नावाची बाई बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी बांधून रस्त्यावर उभी राहते. बस येईल, तो रोटी घेईल, बस जाईल. आज बस थांबत नाही. ती थांबते. प्रेक्षकही थांबतो. अशाच चित्रपटांवरून पुढे विनोद निघाले, की आर्ट फिल्म म्हणजे एक कंदील, एक विहीर आणि पाच मिनिटे न हलणारी एक बाई. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रसंग्रहालयात मी सौभाग्यवतीसह हा चित्रपट पाहिला. तास झाल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "एवढ्या वेळात माझ्या वीस पोळ्या लाटून झाल्या असत्या." मी ओशाळून गप्प बसलो. पण घरी परतताना रिक्षात तीच आपण होऊन म्हणाली, "वाट पाहणं असंच असतं म्हणा. पिक्चरमध्ये एरवी बाई वाट पाहते ती एका गाण्यापुरती. ही खरोखरच थांबली होती."

चित्रपटशास्त्रावरचे चार जाड ग्रंथ चाळूनही मला जे इतके स्वच्छ सांगता आले नसते, ते तिने तीन वाक्यांत सांगितले. प्रेक्षकाला शहाणा समजायचे ते यासाठी! 'उसकी रोटी' रीतसर चित्रपटगृहांत कधी नीट लागलाच नाही. सरकारने पीक काढले. पण ते बाजारात नेणारी बैलगाडी कुणी बांधली नव्हती. सावकार नसला तरी भागते. वाटेवर गिऱ्हाईक नसले तर भागत नाही, हा या पहिल्या तुकडीचा धडा.

हा धडा अचूक गिरवला तो श्याम बेनेगल यांनी. ते जाहिरातपट काढणारे. साबण आणि बिस्किटे विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाची नाडी ठाऊक असते. त्यांच्या 'अंकुर'ला पैसे दिले ते सरकारने नव्हे. चित्रपटगृहांत जाहिराती दाखवणाऱ्या 'ब्लेझ' या कंपनीने. १९७४ साली तो पडद्यावर आला. तेलंगणातले खेडे, जमीनदाराचा शिकलेला मुलगा, घरात काम करणारी लक्ष्मी आणि तिचा मुका-बहिरा नवरा. शबाना आझमींचा हा पदार्पणाचा चित्रपट. नवऱ्याला उगाच चाबकाने फोडून काढल्यावर लक्ष्मी जमीनदाराला तळतळाट देते, आणि शेवटी एक लहान पोरगा त्याच्या खिडकीवर दगड भिरकावतो. काच फुटते, पडदा लाल होतो, संपले! क्रांतीवर भाषण नाही. तो दगड पुढे कुठवर जाईल, हे ज्याने त्याने आपल्या मनात मोजावे. आणि शहरांतल्या आपल्यासारख्या लोकांनी तिकिटे काढून हा चित्रपट पाहिला.

पण ज्याच्यावरून आजच्या सदराला नाव दिले, तो चित्रपट 'मंथन', १९७६ सालचा. गुजरातेतल्या सहकारी दूधसंघांची ही गोष्ट. कथा व्हर्गीज कुरियन आणि बेनेगल यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. पैशाचा प्रश्न आला तेव्हा कुरियन यांनी दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांकडे बोट दाखवले. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. झाले दहा लाख! चित्रपटाच्या आरंभी निर्माता म्हणून नाव झळकते ते या शेतकऱ्यांचे. आणि तो लागल्यावर हे निर्माते ट्रकमध्ये बसून आपला चित्रपट पाहायला आले.

ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मला तिच्यातली दुसरीच बाजू मोलाची वाटते. ज्यांनी पैसे घातले, त्यांची आरती या चित्रपटात ओवाळलेली नाही. गावातली जातीची भिंत त्यात आहे. संघाच्या निवडणुकीतली चुरस आहे. दलित वस्तीतल्या बिंदूकडून डॉक्टरवर खोटा आरोप करवून घेतला जातो, तेही आहे. शेवटी डॉक्टर काम अर्धवट सोडून निघून जातो आणि संघ चालवायचा तो गावानेच, अशा जागी चित्रपट संपतो. दोन रुपये देणाऱ्याने 'माझे गाव गोड दाखवा' अशी अट घातली नाही. आपले कुरूप रूप पाहण्यासाठी पदरचे पैसे मोजणारा निर्माता हिंदी चित्रपटाने त्याआधी पाहिला नसेल. मला विचाराल तर त्या चित्रपटातले सर्वांत मोठे धाडस हे दोन रुपयांचे.

२०२४ साली या चित्रपटाची जुनी प्रत खटपटीने नवी करून कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये आपल्याकडच्या अनेक शहरांतल्या चित्रपटगृहांत तो पुन्हा लागला. मी वर्गात नुसते सुचवले. पोरे येतील अशी आशा नव्हती. अकराजण आले. त्यांत सांगलीकडच्या एका खेड्यातून आलेला मुलगा होता. वर्गात सहसा तोंड न उघडणारा. घरी दोन म्हशी, आई सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालते. बाहेर आल्यावर बाकीची पोरे स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह असे बोलत होती. हा म्हणाला, "सर, फॅट तपासायचं आलं ना, तिथं माझ्या पोटात गोळाच आला. आता आमच्याकडं मशीन आलंय. पण मशीनवर बसणार कोण, भांडण त्याच्यावरनंच असतंय अजून." मग थोडा थांबून म्हणाला, "आईला दाखवायला पायजे होता." अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या दोन रुपयांवरचे व्याज मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेनेगल गेले. वर्गात मी त्यांच्याविषयी दोन शब्द बोललो, तेव्हा सर्वांत मागच्या बाकावर हाच मुलगा ताठ बसला होता.

मराठी मनाला आणखी एक गोष्ट सुखावते. या साऱ्या हिंदी चळवळीला दाणापाणी पुरवले ते पुष्कळसे मराठीने. हंसा वाडकरांनी आपले आयुष्य आडपडदा न ठेवता सांगितले. अरुण साधू यांनी ते शब्दांत उतरवले आणि ते 'माणूस'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या 'सांगत्ये ऐका'वरून १९७७ साली बेनेगल यांनी 'भूमिका' काढला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणारी स्मिता पाटील त्यात अशी उभी राहिली की राष्ट्रीय पुरस्कार तिच्या घरी चालत आला. बाईने आपल्या आयुष्याचा हिशेब स्वतःच मांडायचा आणि कुणाची क्षमा मागायची नाही. 'बोल्ड' शब्दाला मी जो अर्थ देतो तो हा.

मग तेंडुलकर. १९८० सालचा 'आक्रोश' त्यांनी लिहिला, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली उभा असलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. वकील विचारतो, न्यायालय विचारते, तो गप्प. नायकाला भाषणे देऊन टाळ्या मिळवण्याच्या धंद्यात नायकाच्या तोंडाला कुलूप! ओम पुरींनी नुसत्या डोळ्यांवर ती भूमिका पेलली, आणि शेवटी जी किंकाळी फुटते ती ऐकल्यावर घरी जाऊन जेवणावर वासना राहत नाही. १९८३ साली श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून निहलानी-तेंडुलकरांनीच 'अर्धसत्य' केला. त्यात दिलीप चित्रे यांची कविता आहे आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आहे. फौजदार अनंत वेलणकर प्रामाणिक आहे, पण त्याच्या रागाला वाट नाही, आणि ती मिळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. १९८३ साली मी पाळण्यात होतो. पण हा चित्रपट माझे आईवडील रांग लावून, तिकीट काढून पाहून आले होते. आई सांगते, परतताना बसस्टॉपपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. वडील सरकारी कचेरीत होते. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघताना ते एवढेच म्हणाले, "त्या वेलणकराला आमच्या ऑफिसातही खुर्ची आहे."

त्याच वर्षी कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' आला. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे तोवर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ झाले होते. पैसा त्यांचा, आणि तोही इतका बेताचा की आजच्या एखाद्या गाण्याच्या चित्रीकरणात तो पहिल्या सकाळीच संपावा. बिल्डर, अधिकारी, वृत्तपत्रवाले सगळे एका माळेचे मणी. एका प्रेताला घेऊन पळापळ आणि भर रंगमंचावर महाभारताचा बट्ट्याबोळ! आपण पोट धरधरून हसतो, आणि शेवटी त्या दोन भाबड्या छायाचित्रकारांना कैद्यांच्या कपड्यांत पाहून हसू घशात अडकते. भ्रष्टाचाराने रडवणे सोपे. हसवून लाज वाटायला लावणे अवघड.

यानंतर ओहोटी लागली. घरोघरी रंगीत दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला, आणि रांगेत उभे राहणारा मध्यमवर्ग सोफ्यावर बसला. काही धाडस त्याच्या मागोमाग घरात आले, हेही खरे. फाळणीवरची निहलानींची 'तमस' १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झाली, ती थांबवावी म्हणून न्यायालयात अर्ज झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः मालिका पाहून ती दाखवू दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. पण चित्रपटगृहातले लहान चित्रपट मात्र निराधार झाले.

पुन्हा पालवी फुटली ती नव्वदीच्या अखेरीस. १९९७ साली दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स निघाले. हजार खुर्च्यांच्या एका थिएटरच्या जागी लहान लहान चार पडदे आले, आणि दोनशे माणसांसाठी चित्रपट दाखवणे परवडू लागले. १९९८ साली 'सत्या' आला आणि मुंबईच्या गल्लीतला भिकू म्हात्रे आपल्याला नाव-गावानिशी भेटला. अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ साली तयार होता. पण १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत उच्च न्यायालयाने तो रोखला आणि २००७ साली तो लागला. बनारसच्या घाटावरचा 'मसान' २०१५ सालचा.

यांतला एकच जवळून पाहू, कारण तो आपल्या घरातला आहे. रितेश बत्रा यांचा २०१३ सालचा 'द लंचबॉक्स', ज्याच्या निर्मात्यांत तेच राष्ट्रीय महामंडळ होते. मुंबईच्या डबेवाल्याकडून एक डबा चुकीच्या टेबलावर जातो आणि इला व साजन फर्नांडिस यांच्यात चिठ्ठ्या सुरू होतात. इलाच्या वरच्या मजल्यावर देशपांडे काकू राहतात. खिडकीतून दोरीने टोपली सोडतात, मसाल्याचा सल्ला देतात, पंख्याकडे बघत पडून असलेल्या नवऱ्याची सेवा करतात. आणि या काकू चित्रपटात एकदाही दिसत नाहीत! नुसता भारती आचरेकरांचा आवाज. तरी त्यांची साडी कोणती, ओट्यावर डबे कसे लावलेले, हे आपल्याला ठाऊक असते. साजन आणि इला शेवटी भेटतात की नाही, तेही दाखवलेले नाही. आमच्या घरी त्यावरून दोन तट आहेत. मुलगी म्हणते भेटले; माझी आई म्हणते, "भेटले नसतील, पण तिने घर सोडलं ते बरं झालं." चित्रपट संपून इतकी वर्षे झाली, आणि आमच्या घरात तो चालूच आहे.

'कुंकू'तले गाळलेले संगीत, 'आक्रोश'मधले गाळलेले शब्द, 'लंचबॉक्स'मधल्या न दिसणाऱ्या काकू: मला हे एकच घराणे दिसते. प्रत्येकाने काहीतरी मुद्दाम मोकळे ठेवले आणि ते भरायला आपल्याला बोलावले. आणि प्रत्येकाच्या पाठीशी कुणीतरी पैसे घेऊन उभे होते: कधी पगारी कंपनी, कधी सरकार, कधी जाहिरातवाले, कधी म्हशी राखणारे शेतकरी.

आज कोण उभे आहे? हा प्रश्न मला तुम्हालाच विचारायचा आहे. नवा चित्रपट शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत, तर सोमवारी त्याचे खेळ कापतात. उरतो तो सकाळी साडेनऊचा, जेव्हा आपण लोकलमध्ये लोंबकळत असतो. लहान चित्रपटाचे सारे नशीब त्या तीन दिवसांत ठरते. आणि त्या तीन दिवसांत आपण काय म्हणतो? "चांगला आहे म्हणे. येईल की दोन महिन्यांत मोबाईलवर!" चौघांची तिकिटे, वर त्या लाह्यांचे सोन्याच्या भावाचे पुडे, आपले म्हणणे अगदीच खोटे नाही. मीही महिन्याच्या वीस तारखेनंतर तेच म्हणतो. पण राक्षसी खर्चाच्या चित्रपटाला मात्र आपण सहकुटुंब जातो, आणि परत येऊन 'हल्ली हिंदीत अर्थपूर्ण काही निघतच नाही' असा निःश्वास टाकतो. ज्या दुकानात आपण कधी पाऊल टाकत नाही, ते बंद पडले म्हणून हळहळण्यासारखे हे आहे.

घरी मोबाईलवर पाहण्यात वाईट काही नाही. पुष्कळ उत्तम चित्रपट मीही तसेच पाहिले. पण 'उसकी रोटी'तली बाई फोनवर दिसली असती, तर आमच्या घरातून तिला दहाव्या मिनिटाला अंगठ्याने पुढे सरकवले असते, आणि वाट पाहण्याविषयीची ती तीन वाक्ये मला ऐकायला मिळाली नसती. अंधारात, अनोळखी माणसांबरोबर, उठून जाण्याची लाज वाटते म्हणून का होईना, आपण थांबतो. आणि थांबल्यावरच काही चित्रपट बोलू लागतात.

म्हणून या दिवाळीत एक लहानसा नेम सुचवतो. वर्षाकाठी चार असे चित्रपट निवडावेत, ज्यांत नावाजलेला हिरो नाही आणि ज्यांची जाहिरात रस्त्यावर दिसत नाही. हिंदी असोत की मराठी. पहिल्या तीन दिवसांत, लाह्या न घेता, तिकीट काढून पाहावेत. चारांतला एक फसेल, एक बरा निघेल, एक अर्धवट वाटेल आणि एक घरात राहायला येईल. शेतकऱ्यांनी दोन रुपये दिले तेव्हा त्यांना तरी कुठे ठाऊक होते, चित्रपट कसा निघेल ते!

आणि चारही फसले, तर खुशाल मला दोष देणारे पत्र लिहा. पत्ता संपादकांकडे आहे; तिकिटाचे पैसे मात्र मागू नका.